ह्यूगो ग्रोशियस : युद्धाला जाब विचारणारा विधिज्ञ

महाभारतातील युद्धाला प्रारंभ होण्यापूर्वी श्रीकृष्णाने शिष्टाई केली. ती फसली, तेव्हा दोन्ही सैन्ये कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभी राहिली, युद्धाचे नियम ठरले, शंख निनादले आणि मगच पहिला बाण सुटला. त्याच युद्धाच्या अखेरीस अश्वत्थाम्याने रात्रीच्या अंधारात शिबिरात शिरून निजलेल्या वीरांना ठार केले. वैर तेच होते, शत्रू तेच होते आणि शस्त्रेही तीच होती. तरीही पहिल्या कृत्याला आपण युद्ध म्हणतो आणि दुसऱ्याला हत्याकांड. उघडपणे सांगून उचललेले शस्त्र आणि न सांगता केलेला घाव यांत माणसाच्या मनाने असा भेद फार प्राचीन काळापासून केलेला आहे. मनाला पटणारा हा भेद कायद्यालाही मान्य आहे काय? युद्ध जाहीर न करता लढणारा माणूस सैनिक ठरतो की दरोडेखोर?

सतराव्या शतकात युरोपातील एका विधिज्ञाने या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे नाव ह्यूगो ग्रोशियस. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जनकांमध्ये त्यांची गणना केली जाते. विशेष असे की, ज्या प्रश्नाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्या प्रश्नाकडे ते प्रथम वळले ते न्यायाच्या ओढीने नव्हे. एका व्यापारी कंपनीचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते आणि जाहीर न केलेली एक लढाई कायदेशीर होती, असे त्यांना सिद्ध करावयाचे होते.

ग्रोशियस यांचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. त्यांचे घराण्यातील नाव द ग्रोत असे होते. त्या काळातील विद्वान मंडळी आपल्या नावाला लॅटिन रूप देत असत. त्या प्रथेप्रमाणे द ग्रोत यांचे ग्रोशियस झाले. वडील यान हे स्वतः विद्याव्यासंगी आणि गावातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. मुलाची बुद्धी असामान्य आहे हे त्यांनी लवकरच ओळखले. वयाच्या अकराव्या वर्षी ह्यूगो लायडन विद्यापीठात दाखल झाले. ज्या वयात मुले अजून गणिते गिरवीत असतात, त्या वयात हा मुलगा लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांत रमलेला होता. १५९८ साली, पंधराव्या वर्षी, हॉलंडचे कर्तबगार मुत्सद्दी योहान व्हान ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते फ्रान्सला गेले. तेथे राजा चौथा हेन्री त्यांच्या विद्वत्तेने चकित झाला. याच प्रवासात ओर्लेआँ येथील विद्यापीठाने त्यांना कायद्याची डॉक्टर ही पदवी दिली. पुढल्या वर्षी, म्हणजे १५९९ साली, त्यांनी हेग शहरात वकिली सुरू केली.

त्या काळी हॉलंड आणि त्याचे शेजारी प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा देत होते. १५८१ साली या प्रांतांनी स्पेनच्या राजाचे स्वामित्व झुगारून दिले होते. त्याच सुमारास, १५८० साली, पोर्तुगालचे राज्यही स्पेनच्या राजाकडे गेले. त्यामुळे स्पेनशी लढणाऱ्या डच लोकांना पोर्तुगीजही शत्रुवत झाले. परंतु युरोपातील भांडण आशियाच्या समुद्रावरही लागू होते काय, हे कोणीच स्पष्ट केलेले नव्हते.

आशियाच्या समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता. १५१० साली गोवा जिंकून त्यांनी ते आपल्या पूर्वेकडील सत्तेचे मुख्य ठाणे केले. कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या गलबतांना त्यांचा परवाना घ्यावा लागे. या परवान्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसलेले गलबत सापडले, की ते मालासह जप्त होई. ज्या समुद्रावर आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके व्यापार केला, त्याच समुद्रावर फिरण्यासाठी परक्याची चिठ्ठी बाळगण्याची पाळी येथील व्यापाऱ्यांवर आली होती. आशियात नव्याने येऊ लागलेल्या डच व्यापाऱ्यांनाही पोर्तुगीज असेच अडवीत. १६०१ साली मकाव येथे पोर्तुगीजांच्या हाती सापडलेल्या सतरा डच खलाशांना ठार मारण्यात आले, तेव्हा हे वैर अधिकच चिघळले.

२५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळच्या समुद्रात डच कप्तान याकोब व्हान हीम्सकर्क याने सांता कातारिना नावाचे प्रचंड पोर्तुगीज जहाज पकडले. जोहोरच्या राजघराण्याचेही त्याला साहाय्य होते. जहाजात चीनचे कच्चे रेशीम आणि चिनी मातीची भांडी खच्चून भरलेली होती. ॲमस्टरडॅम येथे या मालाचा लिलाव झाला, तेव्हा तीस लाखांहून अधिक गिल्डर एवढी रक्कम हाती आली. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे सारे भांडवल सुमारे चौसष्ट लाख गिल्डर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या लुटीचा आकार ध्यानात येतो.

हीम्सकर्क हा व्यापारी ताफ्याचा प्रमुख होता. त्याच्याजवळ सनद होती. पण ती स्वसंरक्षणासाठी आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मिळविण्यापुरते बळ वापरण्याची होती. त्या समुद्रात पोर्तुगीजांविरुद्ध युद्ध जाहीर झालेले नव्हते. मग हे युद्ध होते की चाचेगिरी? १६०४ साली ॲमस्टरडॅमच्या नौदल न्यायालयाने जहाज आणि माल कंपनीचा असल्याचा निर्णय दिला. त्याने कायद्याचा प्रश्न मिटला, पण मनातला मिटला नाही. कंपनीच्या भागधारकांत मेनोनाइट पंथाचे काही लोक होते. शस्त्राला हात न लावणे हा त्यांच्या धर्माचा भाग होता. लढून मिळविलेला नफा त्यांना नकोसा झाला. शेजारच्या राष्ट्रांतही कुजबुज सुरू झाली. तेव्हा कंपनीने आपली बाजू मांडण्याचे काम हेगमधील एका तरुण वकिलाकडे सोपविले. ग्रोशियस यांचे वय त्या वेळी एकवीस वर्षांचे होते.

एखाद्या वकिलाने दहा-वीस पानांचे निवेदन लिहून मानधन घेतले असते. ग्रोशियस यांनी मात्र लॅटिन भाषेत एक मोठा ग्रंथच लिहिला. त्यात त्यांनी केलेली मांडणी थोडक्यात अशी आहे. माणसावर अन्याय झाला, तर त्याने न्यायालयात जावे. परंतु जेथे न्यायालयच नाही, तेथे काय करावे? खुल्या समुद्रावर कोणा एका राजाची सत्ता नाही. म्हणून तेथे दाद मागण्याचे ठिकाणही नाही. अशा जागी निसर्गाने प्रत्येकाला दिलेला स्वसंरक्षणाचा आणि भरपाईचा हक्क जागा होतो. ज्याच्यावर आधीच हल्ला झाला आहे, त्याने शस्त्र उचलण्यापूर्वी घोषणा करण्याची आवश्यकता नसते. म्हणून हीम्सकर्क याची लढाई एका खाजगी व्यक्तीची मानली तरी न्याय्य होती आणि राष्ट्राच्या वतीने केलेली मानली तरी न्याय्यच होती.

युक्तिवाद धारदार होता. तथापि त्यातील धोका आज आपल्याला सहज दिसतो. व्यापारी कंपनीला स्वतःच्या नुकसानीचा हिशेब स्वतःच करण्याचा आणि तो तलवारीने वसूल करण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की त्या अधिकाराला आवर कोण घालणार? त्याच डच कंपनीने १६२१ साली जायफळाच्या व्यापारासाठी बांदा बेटांवरील वस्ती जवळजवळ नाहीशी केली. त्या अत्याचाराचा दोष ग्रोशियस यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण त्यांच्या तरुणपणीच्या लेखनाने कंपनीच्या हाती एक सोयीस्कर शस्त्र दिले, हेही नाकारता येत नाही.

तो संपूर्ण ग्रंथ ग्रोशियस यांनी प्रसिद्ध केला नाही. त्यातील एक प्रकरण मात्र १६०९ साली मुक्त सागर या अर्थाच्या लॅटिन नावाने आणि लेखकाचे नाव न घालता छापण्यात आले. समुद्र हवेसारखा सर्वांचा आहे, असे त्यात प्रतिपादन होते. पोर्तुगीजांनी भारताचा शोध लावला हा दावाही त्यांनी खोडून काढला. जो देश प्राचीन काळापासून जगाला ठाऊक होता आणि जेथील लोकांचे स्वतःचे राजे, स्वतःचे कायदे व स्वतःची मालमत्ता होती, तो देश कोणी शोधला म्हणून त्याच्या मालकीचा होत नाही, असे त्यांनी ठामपणे लिहिले. पुढे १६१३ साली ते वाटाघाटींसाठी लंडनला गेले. त्या वेळी मसाल्यांच्या बेटांवरून इंग्रज व्यापाऱ्यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न डच कंपनी करीत होती. इंग्रजांनी मुक्त सागराचाच आधार घेऊन डचांना कोंडीत पकडले. आपल्याच पुस्तकातील विचारांना उत्तर देण्याचा अवघड प्रसंग ग्रोशियस यांच्यावर आला.

दरम्यान त्यांचा उत्कर्ष वेगाने होत होता. १६०७ साली ते हॉलंड प्रांताचे सरकारी वकील झाले. १६०८ साली मारिया व्हान राइखर्सबेर्ख या करारी आणि बुद्धिमान स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १६१३ साली रॉटरडॅम शहराचे प्रमुख विधी अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. एवढ्यात देशात धार्मिक वाद पेटला. माणसाचा उद्धार ईश्वराने आधीच ठरविलेला असतो की त्यात माणसाच्या इच्छेलाही काही स्थान असते, असा तो वाद होता. त्यात राजकारण मिसळले. ग्रोशियस आणि त्यांचे ज्येष्ठ मार्गदर्शक ओल्डेनबार्नेव्हेल्ट हे सहिष्णू पक्षाचे. सेनापती राजपुत्र मॉरिस विरुद्ध पक्षाचा. ऑगस्ट १६१८ मध्ये दोघांनाही अटक झाली. १३ मे १६१९ रोजी एकाहत्तर वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच ग्रोशियस यांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि लोव्हस्टाइन येथील किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. ज्या राज्याच्या हक्कांसाठी त्यांनी लेखणी झिजविली, त्याच राज्याने त्यांना कोठडीत टाकले.

हा किल्ला दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. मारियाबाई मुलांसह तेथे येऊन राहिल्या. पतीचे वाचन चालू राहावे म्हणून त्यांनी मित्रांकडून पुस्तके मागविण्याची परवानगी मिळविली. पुस्तके लाकडी पेटीतून येत आणि वाचून झाली, की धुण्याच्या कपड्यांबरोबर त्याच पेटीतून परत जात. पहारेकरी सुरुवातीला पेटी उघडून प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून पाहत. महिने लोटले. दर वेळी तीच पुस्तके आणि तेच मळके कपडे पाहून त्यांना कंटाळा आला आणि ते पेटी न उघडताच सोडू लागले. पहारेकऱ्यांची ही ढिलाई मारियाबाईंनी बरोबर हेरली. पेटी लहान होती. तीत अंग आखडून, हालचाल न करता पडून राहण्याचा सराव ग्रोशियस यांनी सुरू केला.

२२ मार्च १६२१ रोजी बेत अमलात आला. मारियाबाईंनी पतीला पेटीत झोपवून कुलूप लावले. पलंगाशेजारी त्यांचे कपडे ठेवून ते आजारी असल्याचा बहाणा केला. शिपायांनी पेटी उचलली, तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागल्याची कुरकुर त्यांनी केली. आत एखादा पाखंडी तर बसला नाही ना, अशी थट्टाही झाली. पेटीबरोबर एल्सये नावाची तरुण दासी होती. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. होडीत पेटी ठेवताना, नदी ओलांडताना आणि पलीकडच्या गोरिंकेम गावात मित्राच्या घरी ती पोहोचवताना या मुलीने दाखविलेले धैर्य मोठे होते. चरित्रकार ते बहुधा दोन ओळींत आटोपतात. तेथून गवंड्याच्या वेषात, हातात गवंडीकामाची हत्यारे घेऊन ग्रोशियस सीमेपार गेले आणि पुढे पॅरिसला पोहोचले. मारियाबाईंना काही दिवस अडकवून ठेवण्यात आले, पण त्यांच्यावर ठेवण्यासारखा आरोप सापडेना. अखेर त्यांना सोडून द्यावे लागले.

पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाने निर्वाहवेतन मंजूर केले. मात्र ते वेळेवर क्वचितच हाती पडे. अशा ओढगस्तीत ग्रोशियस यांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला. युद्ध आणि शांतता यांचा कायदा हा त्याचा विषय. १६२५ साली तो पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. १६१८ साली पेटलेले, पुढे तीस वर्षे चाललेले युद्ध त्या वेळी मध्य युरोप उद्ध्वस्त करीत होते. क्षुल्लक कारणावरून किंवा कारणावाचूनही राजे शस्त्र उचलतात आणि एकदा शस्त्र उचलले, की जणू सर्व अपराधांना मोकळीक मिळाल्यासारखे वागतात, हे पाहून आपण लेखणी हाती घेतली, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात युद्धघोषणेवर स्वतंत्र प्रकरण आहे. कंपनीच्या वकिलाला वीस वर्षांपूर्वी घोषणेची आवश्यकता वाटली नव्हती. आता मात्र ग्रोशियस अधिक सावधपणे पावले टाकतात. अंगावर चालून आलेल्या शत्रूला परतवून लावताना घोषणा करीत बसण्याची गरज नाही, हे त्यांचे जुने मत कायम आहे. ते निसर्गाचे विधान झाले. परंतु राष्ट्राराष्ट्रांमधील रीतसर युद्धाला राष्ट्रांच्या कायद्याने काही विशेष परिणाम जोडलेले आहेत. त्यात जिंकलेली मालमत्ता जिंकणाऱ्याची होते. त्यात शत्रूला मारणारा खुनी ठरत नाही. हे परिणाम हवे असतील, तर युद्ध राज्याच्या सर्वोच्च सत्तेने पुकारलेले असले पाहिजे आणि निदान एका बाजूने तरी ते जाहीर झालेले असले पाहिजे, असे ते सांगतात.

घोषणा कशासाठी, याचे त्यांनी दिलेले कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. शत्रूला सावध करावे किंवा कपट टाळावे, हा त्यामागील मुख्य हेतू त्यांना वाटत नाही. शौर्याची शोभा म्हणून कोणी तसे करीत असेल, तर करो. घोषणेचे खरे काम वेगळे आहे. हे युद्ध कोणा सरदाराने, कप्तानाने किंवा व्यापाऱ्याने आपल्या मर्जीने सुरू केलेले नसून त्यामागे एका संपूर्ण राष्ट्राची किंवा त्याच्या प्रमुखाची इच्छा आहे, हे निःसंशय कळावे, यासाठी घोषणा हवी. युद्धाची जबाबदारी कोणाची, हे घोषणेने ठरते. रात्रीच्या हल्ल्यानंतर उद्या कोणी हात झटकून आपला त्याच्याशी संबंध नाही असे म्हणू नये, यासाठी ती आहे. हीम्सकर्क याच्या जहाजावर नेमका हाच प्रश्न धूसर राहिला होता. या वेळेपावेतो एका सरकारच्या मनमानीचा अनुभव ग्रोशियस यांनी स्वतःच्या देहावर घेतलेला होता. सत्तेने आपल्या कृत्याची कबुली उघडपणे द्यावी, या त्यांच्या आग्रहाचे एक मूळ तेथेही असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

घोषणेचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात मागणी आधी कळवावयाची आणि ती पूर्ण न झाल्यास युद्ध होईल असे सांगावयाचे. दुसऱ्या प्रकारात कोणतीही अट न घालता युद्ध पुकारावयाचे. प्राचीन रोममध्ये खास पुरोहित सीमेवर जाऊन शत्रूच्या भूमीत भाला फेकीत असत. असे विधी त्या त्या लोकांच्या रूढीचे असून सर्व राष्ट्रांना बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. घोषणा आणि पहिला हल्ला यांत किती काळ जावा? राष्ट्रांच्या कायद्याने मुदतीचे बंधन नाही, असे त्यांचे उत्तर आहे. येथे मात्र वाचकाचे समाधान होत नाही. सकाळी जाहीर करावे आणि दुपारी गाव जाळावे, हे त्यांच्या नियमात बसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जाहीर केलेले प्रत्येक युद्ध न्याय्य असते, असे ग्रोशियस यांनी म्हटलेले नाही. घोषणा ही रीत झाली. न्याय्य कारण ही वेगळी गोष्ट. आज कायदा याही पुढे गेला आहे. १९६२ साली चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले किंवा १९९९ साली कारगिलमध्ये लढाई झाली, तेव्हा रीतसर युद्धघोषणा झालेली नव्हती. तरीही पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचे संरक्षण मिळते. कारण १९४९ सालच्या जिनिव्हा करारांनी हे संरक्षण घोषणेवर अवलंबून ठेवलेले नाही.

१६३१ साली ग्रोशियस मोठ्या आशेने मायदेशी परतले. परंतु जुने वैरी विसरले नव्हते. पुन्हा अटकेचा हुकूम निघाला आणि १६३२ साली त्यांना देश सोडावा लागला. पुढे स्वीडनने त्यांना फ्रान्समधील आपले राजदूत नेमले. मराठेशाहीत परदरबारी असलेल्या राजदूताला वकील म्हणत. त्या अर्थाने ग्रोशियस आता दुसऱ्यांदा वकील झाले! योगायोग असा, की या स्वीडनच्या राजाने १६३० साली जर्मनीत सैन्य उतरविले, तेव्हा आपली बाजू सांगणारा जाहीरनामा काढला होता, पण रीतसर युद्धघोषणा केली नव्हती. जर्मन सम्राटाची त्याविषयी तक्रार होती.

ग्रोशियस राजदूत म्हणून रुजू झाले त्याच वर्षी, मे १६३५ मध्ये, फ्रान्सने स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले. त्यासाठी राजाचा भालदार पूर्ण इतमामाने घोड्यावर बसून स्पेनच्या ताब्यातील ब्रुसेल्स शहरात गेला. घोषणापत्र स्वीकारण्यास कोणी अधिकारी पुढे येईना, तेव्हा त्याने ते जमावात टाकले आणि परतताना एक प्रत सीमेवरील खांबाला लावली. जुन्या थाटाची अशी युद्धघोषणा युरोपात त्यानंतर क्वचितच झाली. दुसरीकडे डच आणि पोर्तुगीज यांचे वैर अरबी समुद्रात धगधगतच होते. १६३६ पासून डच जहाजे गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करू लागली. या ताफ्याला रसद मिळावी म्हणून आदिलशहाच्या परवानगीने १६३७ साली वेंगुर्ल्याला डचांची वखार उभी राहिली. १६४१ साली युरोपात डच आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, तरी आशियातील डच कंपनी १६४४ पर्यंत लढतच राहिली. युद्ध कोणाचे, हा ग्रोशियस यांचा प्रश्न कोकणच्या किनाऱ्यावर असा जिवंत होता.

१६४५ साली त्यांना स्वीडनला परत बोलावण्यात आले. राणी क्रिस्तिना हिने आदराने स्वागत केले, पण तेथे त्यांचे मन रमेना. त्यांनी निरोप घेतला आणि समुद्रमार्गे ते निघाले. वादळात सापडून जहाज बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागले. आजारी अवस्थेत, पावसातून उघड्या गाडीने प्रवास करीत ते जर्मनीतील रोस्टोक येथे पोहोचले आणि २८ ऑगस्ट १६४५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. जिवंतपणी ज्या देशाने दार लावले होते, त्या देशात त्यांचे शव नेण्यात आले. डेल्फ्टच्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

तरुणपणी कंपनीसाठी लिहिलेल्या त्या ग्रंथाचे हस्तलिखित कुटुंबाच्या कागदपत्रांत पडून होते. १८६४ साली एका लिलावात ते उजेडात आले. मुक्त सागर हे पुस्तक त्याच हस्तलिखितातील एक प्रकरण आहे, हे तेव्हा कोठे जगाला कळले.

१८९९ साली हेग शहरात पहिली आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरली, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधींनी डेल्फ्टला जाऊन ग्रोशियस यांच्या समाधीवर चांदीचे पुष्पचक्र वाहिले. पाच वर्षांनी, फेब्रुवारी १९०४ मध्ये, जपानने पोर्ट आर्थर येथील रशियन आरमारावर रात्री हल्ला केला. युद्ध जाहीर झाले ते त्यानंतर. त्यावर जगभर वाद झाला. म्हणून १९०७ साली हेगमध्येच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत एक करार झाला. पूर्वसूचना दिल्यावाचून लढाईस प्रारंभ करू नये आणि ही सूचना एक तर कारणे देऊन केलेली युद्धघोषणा असावी किंवा मागणी अमान्य झाल्यास युद्ध होईल असा निर्वाणीचा इशारा असावा, असे त्यात ठरले. ग्रोशियस यांनी सांगितलेले दोन प्रकार जवळजवळ तसेच कायद्यात आले. सूचना आणि हल्ला यांत निदान चोवीस तासांचे अंतर असावे, अशी सूचनाही परिषदेत मांडण्यात आली. ती मांडली होती ग्रोशियस यांच्या देशाच्या, नेदरलँड्सच्या प्रतिनिधींनी. ती मान्य झाली नाही.